तरस : खानदेशातील एक मृतभक्षक प्राणी
(निसर्ग-अभ्यासाच्या पाठासाठी टिपण)

खानदेशच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे आहेत. मधून तापी पश्चिमेकडे वाहत जाते. तापी व तिला मिळणाऱ्या गिरणा, पांझरा, बोरी, अनेर, वाघूर या नद्यांच्या काठची गाळाची जमीन पावसाने कातरली जाऊन ठिकठिकाणी खोल घळी पडलेल्या आहेत. दिवसा या घळींतून शेळ्यामेंढ्या व त्यांचे राखणे यांखेरीज सहसा कोणी दिसत नाही. अंधार पडल्यावर मात्र अशा घळींतून व डोंगरपायथ्याच्या कपारींतून एक प्राणी एकटाच बाहेर पडतो. त्याचे नाव बहुतेक मुलांनी ऐकलेले असते. पण त्यास डोळ्यांनी पाहिलेली माणसे गावात थोडीच असतात. हा प्राणी म्हणजे तरस.

पाठ्यपुस्तकांत सिंह, जिराफ, कांगारू यांची चित्रे असतात व मुले ती आवडीने पाहतात. आपल्याच शिवारालगत राहणाऱ्या तरसाची ओळख मात्र मुलांस पुस्तकाऐवजी भीतीच्या गोष्टींतून होते. या अज्ञानाचा परिणाम केवळ परीक्षेतील गुणांवर होत नाही. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या परिसरात बिबट्याने माणसे मारली व त्या वर्षाच्या डिसेंबरात त्यास गोळी घालावी लागली. अशा प्रसंगानंतर कोणताही पंजा उमटलेला दिसला की गावात गडबड उडते, शेतावर जाणे बंद होते, आणि दिवसाउजेडी कपाशीत सापडलेल्या कोणत्याही वन्य प्राण्याभोवती काठ्या घेतलेला जमाव गोळा होतो. पंजा कोणाचा हे सांगू शकणारा एक जाणता मनुष्य तेथे असला, तर माणसाचाही जीव वाचतो व प्राण्याचाही. खेड्यात हे काम शिक्षकाखेरीज दुसऱ्या कोणाकडे जाणार?

तरस पुढून उंच व मागून खचलेले दिसते. त्याचे पुढचे पाय मागच्या पायांपेक्षा लांब असल्यामुळे पाठ खांद्यापासून शेपटीकडे उतरती होते व चालताना ते किंचित लंगडत असल्याचा भास होतो. रंग मळकट करडा किंवा फिकट तपकिरी असून अंगावर व पायांवर काळे आडवे पट्टे असतात. गळ्यावर काळा डाग, कान मोठे व टोकदार, शेपटी झुपकेदार. मानेपासून शेपटीपर्यंत लांब केसांची आयाळ असते व भय वाटले म्हणजे ती ताठ उभी राहते, त्यामुळे प्राणी आहे त्याहून पुष्कळ मोठा भासतो. रात्री मोटारीच्या उजेडात तरस पाहिलेला मनुष्य त्याचा आकार वाघाएवढा सांगतो त्याचे कारण हेच होय. वास्तविक त्याचे वजन बहुधा तीस ते चाळीस किलोग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे चौथी-पाचवीतील एखाद्या मुलाएवढेच.

तरस कुत्र्यासारखे दिसत असले तरी ते कुत्र्याच्या कुळातील नव्हे. प्राणिशास्त्रज्ञ त्यास मांजर व मुंगूस यांच्या बाजूस बसवितात. तरसाच्या कुळात आज चारच जाती जिवंत आहेत. त्यांपैकी तीन आफ्रिकेत राहतात आणि चौथी, अंगावर पट्टे असलेली, आफ्रिकेच्या उत्तर व पूर्व भागापासून अरबस्तान, इराणमार्गे भारतापर्यंत पसरलेली आहे. भारतात आढळते ती हीच एक जात. तरस रात्री हसते असे जे सांगतात, ते आफ्रिकेतील ठिपकेदार तरसाविषयी खरे आहे. त्याचा आवाज माणसाच्या हसण्यासारखा असतो. आपल्याकडील तरस बहुतेक मुके असते व फार झाले तर गुरगुरते. चित्रपटांतून व परदेशी पुस्तकांतून आलेली ही समजूत पाठाच्या आरंभीच दूर करावी.

आता त्याच्या आहाराकडे वळू. तरसाचे जीवन समजून घ्यावयाचे तर त्याच्या जबड्यापासून सुरुवात केली पाहिजे. मांजराच्या तोंडात तीस दात असतात, कुत्र्याच्या बेचाळीस, आणि तरसाच्या चौतीस. महत्त्व मात्र संख्येपेक्षा आकारास आहे. तरसाच्या उपदाढा जाड, बुटक्या व शंकूच्या आकाराच्या असतात आणि त्या चालविणारे जबड्याचे स्नायू फार बळकट असतात. कुत्रा बैलाच्या मांडीचे हाड धरून तासन् तास बसतो व दोन्ही टोकांकडील मऊ भाग तेवढा कुरतडतो. तरस तेच हाड उपदाढांखाली धरून फोडते व आतला मगज खाते. नळी फोडून खाणे म्हणजे काय हे ज्या घरी मटण शिजते तेथील मुलांस वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. हाडाचे तुकडेही ते गिळते व त्याच्या जठरातील तीव्र आम्लात ते विरघळतात. कातडे, स्नायुबंध, वाळलेले मांस यांतील फारच थोडे ते टाकून देते. म्हणूनच त्याची विष्ठा वाळल्यावर चुन्यासारखी पांढरी दिसते. हाडांतील कॅल्शियम तीत उतरलेले असते. माळावर अशा पांढऱ्या विष्ठेचे ढीग एकाच जागी आढळले तर तेथून तरसाचा वावर आहे असा तर्क करण्यास हरकत नाही. मात्र एखाददुसऱ्या लेंडावरून निष्कर्ष काढू नये, कारण हाडे खाल्लेल्या कुत्र्याची विष्ठाही पांढरी पडते.

मेलेले जनावर हे तरसाचे मुख्य अन्न होय. वाघ-बिबट्याने मारून अर्धवट टाकलेली शिकार, रोगाने किंवा म्हातारपणाने मेलेले ढोर, रस्त्यावर वाहनाखाली सापडलेला प्राणी, यांचा वास त्यास दुरून येतो. अन्नाच्या शोधात ते एका रात्रीत दहा-वीस किलोमीटरही चालून जाते. याशिवाय ससे, उंदीर, कासवे, पक्षी, किडे असे जे मिळेल ते खाते. फळांचेही त्यास वावडे नाही. इस्राएलमध्ये ते खरबुजाच्या व काकडीच्या शेतात शिरते व खजूरही खाते असे अभ्यासकांना आढळले आहे. मांसाहारी या शब्दाचा अर्थ केवळ मांस खाणारा असा मुले करतात. निसर्ग अशा काटेकोर व्याख्या पाळीत नाही हे तरसाच्या उदाहरणाने सहज दाखविता येईल.

येथे वर्गात जगाचा नकाशा टांगावा व ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेले टास्मानिया बेट दाखवावे. पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढविणाऱ्या प्राण्यांस शिशुधान प्राणी म्हणतात. आपल्या मुलांस त्यांतील एकटा कांगारू माहीत असतो व तो गवत खातो, म्हणून पिशवीवाले सर्व प्राणी गवतच खात असावेत असे त्यांस वाटते. टास्मानियात मात्र मांसाहारी शिशुधान प्राणी आहे. लहानशा कुत्र्याएवढा, काळा, छातीवर बहुधा पांढरा पट्टा असलेला, मोठ्या डोक्याचा हा प्राणी रात्री कर्कश ओरडतो. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी त्या ओरडण्यावरून व काळ्या रंगावरून त्यास ‘डेव्हिल’ म्हणजे सैतान असे नाव दिले, आणि टास्मानियन डेव्हिल या नावानेच तो जगात ओळखला जातो. त्याची मादी गरोदर राहिल्यापासून सुमारे तीन आठवड्यांतच तांदळाच्या दाण्याएवढी वीस-तीस पिल्ले देते. पिशवीत स्तन चारच असतात. तेव्हा जी पिल्ले सरपटत जाऊन स्तनास लागतात ती चारच जगतात व पुढे सुमारे साडेतीन महिने पिशवीत वाढतात.

या प्राण्याचे अन्न कोणते? मेलेली मेंढरे, मेलेले कांगारू, आणि तेही हाडे, कातडे व केसांसकट. त्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे, जबडा बळकट, दात हाडे फोडणारे. तरस व हा प्राणी यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरसाच्या पोटाला पिशवी नाही (शेपटीखाली एक आहे, परंतु ती गंधाची; तिच्यातील द्रव गवताच्या काडीस लावून ते आपली हद्द आखते). असे असूनही दोघांची तोंडे एकाच कामासाठी घडली आहेत. जेथे गुरे, मेंढरे, हरणे मरतात तेथे त्यांची हाडे फोडणारा कोणीतरी लागतो. आपल्या भागात ते काम तरसाकडे आले व टास्मानियात ते पिशवीवाल्या प्राण्याकडे गेले. उत्क्रांतीचा हा नियम वरच्या वर्गातील मुलांस इतक्या सोप्या जोडीने दुसरीकडे क्वचितच समजावता येईल.

टास्मानियात आणखी एक मोठा मांसाहारी शिशुधान प्राणी होता, त्याची हकीकत येथे सांगणे अवश्य आहे. लांडग्याच्या आकाराचा, पाठीवर पट्टे असलेला हा थायलसीन. मेंढ्या मारतो असा त्याच्यावर आरोप आला. १८८८ पासून १९०९ पर्यंत तेथील सरकारने मारलेल्या प्रत्येक प्रौढ थायलसीनमागे एक पौंड बक्षीस दिले व दोन हजारांहून अधिक बक्षिसे वाटली गेली. मेंढ्यांच्या नुकसानीचा पुष्कळसा भाग मोकाट कुत्र्यांचा व मेंढपाळीतील हयगयीचा होता असे मत पुढे मांडले गेले, पण तोवर उशीर झाला होता. १९३६ च्या जुलैत कायद्याने त्यास संरक्षण मिळाले आणि त्याच वर्षी ७ सप्टेंबरला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा ज्ञात थायलसीन मेला. संरक्षण दोन महिन्यांनीच नव्हे, निदान तीस वर्षांनी तरी उशिरा आले. डेव्हिलला १९४१ साली संरक्षण मिळाले व तो टिकून राहिला; आता १९९६ पासून दिसून आलेल्या, एकमेकांना चावल्याने पसरणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाने त्याची संख्या फार घटली आहे.

आपल्या तरसावर कोणता आरोप आहे? लोक सांगतात की ते मुले पळविते, प्रेते उकरते, शेळ्या नेते. या तिन्हींचा वेगवेगळा विचार करावा. उथळ पुरलेले प्रेत तरस उकरते हे खरे आहे. त्यावर उपाय खड्डा खोल घेणे व वर दगड रचणे हा आहे. शेळी, कोकरू किंवा कुत्रे ते अधूनमधून नेते हेही खरे. परंतु मेंढवाड्यावर धाड घालणारा लांडगा व मेलेले कोकरू उचलून नेणारे तरस यांत फरक आहे. सकाळी रक्ताचे डाग व पंजे पाहून दोघांची गल्लत होते व शिक्षा तरसास मिळते. माणसावर हल्ला मात्र फार विरळा. जखमी, कोंडलेले किंवा पिसाळलेले तरस चावू शकते. मोठ्या माणसाची चाहूल लागली की ते बहुधा बाजूस होते. तरीही तरस अगदी निरुपद्रवी आहे असे मुलांस शिकवू नये. उन्हाळ्यात खळ्यावर किंवा वीटभट्टीपाशी लहान मुले उघड्यावर एकटी निजू देऊ नयेत, आणि हा नियम तरसापेक्षाही बिबट्या, लांडगा व पिसाळलेली कुत्री यांच्यासाठी आहे.

कुत्र्यांच्या टोळीने घेरले तर तरस पुष्कळदा लढत नाही. अंग टाकून मेल्याचे सोंग घेते व कुत्री जरा बाजूला झाली की उठून पळते. अमेरिकेतील ऑपोसम हा शिशुधान प्राणीही असेच सोंग घेतो व त्यासाठी तो प्रसिद्ध आहे. इतक्या बळकट जबड्याच्या प्राण्याने असे करावे याचे मुलांस नवल वाटते व प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. ती होऊ द्यावी.

तरसाची मादी सुमारे तीन महिन्यांच्या गर्भावस्थेनंतर कपारीत, घळीत किंवा साळिंदराच्या जुन्या बिळात एक ते चार पिल्ले देते. पिल्लांचे डोळे प्रारंभी मिटलेले असतात व आठवड्याभराने उघडतात. महिन्याभरात ती मांस चाटू लागतात. तथापि आईचे दूध दहा-बारा महिने चालू राहते. मोठी तरसे अन्न तोंडात धरून बिळाशी आणतात, त्यामुळे बिळाच्या तोंडाशी हाडे, शिंगे, खुरांचे तुकडे यांचा खच पडतो. अशी जागा दिसली की ती राक्षसाची किंवा चेटकिणीची म्हणून सांगणारे भेटतात. ती एका आईचे स्वयंपाकघर आहे एवढे मुलांस सांगितले तरी पुरे. त्या जागेच्या जवळ मात्र मुलांस नेऊ नये. पिल्ले असताना मादी सावध असते व माणसाचा वास लागला की बिळ सोडते.

खानदेशात तरसाचे अन्न गेल्या पिढीत बदलले आहे. पूर्वी गावाबाहेर मेलेली जनावरे टाकण्याची ठरलेली जागा असे. दिवसा गिधाडे उतरत व थोड्या वेळात मांस संपवीत; रात्री कोल्हे व तरसे उरलेल्या हाडांस लागत. १९९० नंतरच्या काळात भारतातील गिधाडांच्या काही जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. गुरांना वेदना कमी करण्यासाठी देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते व त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. २००६ साली भारतात गुरांसाठी या औषधावर बंदी आली. गिधाडांची जागा मोकाट कुत्र्यांनी घेतली. कुत्र्यांमुळे पिसाळ वाढते, आणि ती कुत्री तरसाशी अन्नासाठीही झगडतात. पुष्कळ गावांत आता जनावर पुरण्यात येते. काळपुळी, घटसर्प, फऱ्या अशा रोगांनी मेलेले जनावर खोल पुरलेच पाहिजे, याविषयी दुमत नसावे. पण परिणामी तरस उकिरड्याकडे, कोंबड्यांच्या खुराड्यांतून फेकलेल्या टाकाऊ भागाकडे व महामार्गावर चिरडलेल्या कुत्र्याकडे वळते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याशी एकमेकांस छेदतात. रस्त्यावरचे मेलेले खाण्यास आलेला प्राणी दुसऱ्या वाहनाखाली सापडण्याचा धोका तेथे सदैव आहे.

त्याहून वाईट प्रकार विषाचा. बिबट्याने किंवा लांडग्याने जनावर मारले की त्या मृत शरीरात कीटकनाशक घालून ठेवण्याची दुष्ट चाल काही ठिकाणी आहे. बिबट्या त्या शिकारीवर परत येईल किंवा न येईल. तरस मात्र वासावर येते. गावची कुत्रीही मरतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये तरसास मारणे गुन्हा आहे, आणि जनावर गमावलेल्या शेतकऱ्यास वनविभागाकडून भरपाई मागता येते. ही दुसरी गोष्ट पालकसभेत आवर्जून सांगावी, कारण विष घालणारा मनुष्य बहुधा दुष्टपणाने नव्हे तर नुकसानीच्या संतापाने ते करतो. तरस, बिबट्या असा प्राणी वस्तीत अडकला तर जमाव न जमविता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

पाठ घेताना पंजाच्या ठशापासून आरंभ करणे सोयीचे. पाऊस पडून गेल्यावर नाल्याच्या ओल्या रेतीत किंवा पायवाटेच्या धुळीत ठसे चांगले उमटतात. बिबट्याचा ठसा वाटोळा असून त्यात नखे दिसत नाहीत, कारण तो चालताना नखे आत ओढून घेतो. त्याच्या तळव्याच्या मागच्या कडेस तीन उंचवटे असतात. तरसाच्या ठशात चार बोटे व नखांच्या खुणा दिसतात, बोटे तळव्याला लागून असतात, आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा स्पष्टपणे मोठा असतो. कुत्र्याच्या व लांडग्याच्या ठशातही नखे दिसतात, पण पुढच्या-मागच्या पंजांत एवढा फरक नसतो. प्रथम शाळेच्या आवारात चाळलेली राख पसरून गावातील कुत्रा, मांजर, शेळी यांचे ठसे मुलांकडून काढवून घ्यावे व पट्टीने मोजवावे. मांजराच्या ठशात नख का नाही हे मुलांनी स्वतःच शोधून काढले, तर बिबट्याविषयी वेगळे सांगावे लागत नाही.

साक्री, शिंदखेडा या बाजूच्या ज्या शाळांत ठेलारी मेंढपाळांची मुले येतात, तेथे शिक्षकांनी या तासाला त्यांनाच पुढे बसवावे. एरवी ही मुले वर्षातील काही महिने कळपाबरोबर असल्यामुळे अभ्यासात मागे समजली जातात. लांडग्याची चाल कशी, कुत्री कोणत्या आवाजाने सावध होतात, मेंढवाडा कोणत्या बाजूने उघडा ठेवू नये, हे ज्याने रात्री जागून पाहिले आहे त्यास फळ्यापाशी उभे करून बोलू द्यावे. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल, चोपडा, शिरपूर तालुक्यांतील आदिवासी वस्त्यांच्या शाळांतही असेच करावे. मुलांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरीच असेल असे नाही. शिक्षकांनी ती खोडून न काढता फळ्यावर दोन रकाने करावेत, एकात पाहिलेले व दुसऱ्यात ऐकलेले, आणि कोणती गोष्ट कोणत्या रकान्यात जावी हे वर्गासच ठरवू द्यावे. तरसाविषयी पहिल्या दिवशी दुसरा रकाना लांबलचक भरेल व पहिल्यात दोन-तीन ओळीच येतील. फळ्यावरील हे दोन रकाने वहीत उतरवून ठेवावेत व पावसाळ्यानंतर, ठसे पाहण्याचा तास दोनचार वेळा झाल्यावर, पुन्हा एकदा भरून घ्यावेत.